हौसाक्का पळत नसे

सकाळचा शेवटचा भोंगा सुरू झाला की मिलच्या फाटकाशी बायकांची झुंबड उडायची. कुणाचा पदर सुटलेला, कुणाच्या हातातलं भाकरीचं फडकं निसटत असलेलं, कुणी तोंडातली मिश्री वाटेतच थुंकत असलेली. सगळ्या पळत सुटलेल्या. भोंगा थांबला की फाटक बंद आणि त्या दिवसाचं काम बुडालं, हे प्रत्येकीला ठाऊक. त्या गर्दीत एकच बाई उभी असायची. फाटकाबाहेर, उंबऱ्यापासून हातभर लांब, काखेत भाकरी आणि एक हात कमरेवर. भोंगा किंचाळत असे आणि ती वर धुराड्याकडे, एखाद्या भांडकुदळ शेजारणीकडे बघावं तशी बघत असे. आवाज उतरायला लागला की मग एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि फाटक तिच्या पाठीमागे लागायचं. तिच्याबरोबर काम केलं त्या चार वर्षांत मी तिला एकदाही पळताना पाहिली नाही. आणि एकदाही ती बाहेर राहिली नाही.

तिचं नाव हौसाबाई. साऱ्या खात्याची हौसाक्का.

माझी तिची पहिली गाठ त्या फाटकाशीच पडली. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे विणाईखात्यात होते, घरात सासूबाई, दीर, आणि एकट्याच्या मजुरीत भागेना. म्हणून मी रिळखात्यात नाव घातलं. सुताच्या कांड्यांवरून रिळावर सूत गुंडाळायचं ते खातं. तिथं सगळ्या बायकाच. पहिल्या दिवशी भोंगा ऐकला आणि मी अशी धावले की पायातलं जोडवं निसटून धुळीत पडलं. ते उचलायला वाकले तर कुणीतरी मागून माझा पदर धरला.

"कुटं पळतीस गं? त्यो भोंगा काय तुजा सासरा हाय?"

"उशीर होतोय की वो."

"ज्याला उशीर झाला त्यानं पळावं. तू येळंवर हायस. दम घे, जोडवं घाल, मग चल."

मी जोडवं घातलं. ती माझ्या शेजारी शांत उभी. आम्ही दोघी सगळ्यांत शेवटी आत गेलो आणि फाटकावरचे दरवान करीमचाचा हसून म्हणाले, "हौ अम्मा, आज एक चेली भी मिल गई तुमकू!"

हौसाक्का उंच होती. बायकांत उठून दिसेल इतकी. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि डाव्या भुवईत एक जुनी खोक. माहेर करमाळ्याकडचं. बोलणं अगदी तिकडचं, आडवं-तिडवं आणि मोठ्यानं. यंत्रांच्या आवाजात आम्ही सगळ्या ओठांच्या हालचालीवरून बोलायला शिकलो होतो. हौसाक्काला त्याची गरज पडली नाही. तिचा आवाज यंत्रांवरून पलीकडे जायचा.

त्या काळात कागदावर दहा तास असायचे. पण फाटकाशी अगोदर येऊन थांबणं, सुटायच्या वेळी 'एवढं सूत संपवा अन् जा' म्हणून रोखून धरणं, हे सगळं धरलं तर बारा व्हायचे. उजाडायच्या आत घर सोडायचं, दिवे लागल्यावर परत यायचं. दिवसभर उभं राहायचं. कापसाचा बारीक भुगा उडून केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसायचा. संध्याकाळी आम्ही सगळ्या एका वयाच्या म्हाताऱ्या दिसायचो. मी विशीतली होते. माझी पोटरी अशी फुगायची की घरी गेल्यावर सासूबाई न मागता तेलाची वाटी पुढं सरकवायच्या.

हौसाक्का या तासांशी रोज भांडायची. पण कामचुकारपणा नव्हे हं. तिच्या हातासारखा हात साऱ्या खात्यात नव्हता. तुटलेलं सूत ती असं जोडायची की गाठ शोधून सापडू नये. खातेमास्तर नव्या बायकांना तिचंच काम दाखवायचे. म्हणूनच तिचं पुष्कळ काही खपून जायचं. दुपारची सुट्टी झाली की ती यंत्राकडे पाठ करून भिंतीशी बसे आणि भाकरी सोडी. एकदा नायकीण, म्हणजे आम्हा बायकांवर देखरेख करणारी तुळसाबाई, तिथं आल्या आणि म्हणाल्या, "हौसे, जेवता जेवता तेवढी रिळं मोजून ठीव." हौसाक्कानं मान वर न करता चटणीवर तेल घेतलं.

"बाई, बैलालाबी दुपारी सोडत्यात. अन् सोडल्यावर त्येला कुणी म्हनत न्हाय, चरता चरता नांगराचं येक तास वड म्हनून."

सगळ्या हसल्या. तुळसाबाईंचा चेहरा पडला. त्या मनानं वाईट नव्हत्या. पण वर साहेबाची बोलणी त्यांनाच खावी लागत.

संध्याकाळचंही तसंच. सुटायचा भोंगा झाला की हौसाक्काचा हात जिथं असेल तिथं थांबे. रीळ अर्धं असो, पाऊण असो. "घाम माजा, तास माजा," ती म्हणे, "तुमच्या दहा तासांत मी दमडीची चोरी केली न्हाय. आता माज्या तासात तुमी हात घालायचा न्हाय." तिचा नवरा सखाराम पिंजणखात्यात होता. बारीक, अबोल, सतत खोकणारा माणूस. बायकोची तक्रार घेऊन कुणी त्याच्याकडे गेलं तर तो हात जोडून म्हणायचा, "माजं ऐकत आसती तर मीबी लवकर घरी पोचलो असतो की." सुटल्यावर तो फाटकाशी तिची वाट बघत उभा असे. दोघं शेजारी-शेजारी, हळूहळू चालत जात. बाकी साऱ्या गर्दीत त्यांची चाल वेगळी ओळखू यायची.

मला वाटायचं, हिचा स्वभावच असा. काही माणसं जन्मजात वाकडी असतात, तशी ही. खरं काय ते मला पुढं कळलं, माझी शेवंती झाली तेव्हा.

शेवंती अडीच महिन्यांची असताना मी परत कामाला लागले. सासूबाईंना तोवर दिसेनासं झालं होतं. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्या बाळाला मांडीवर घेऊन बसायच्या, पण रडायला लागलं की घाबरायच्या. वरचं दूध तिला पचेना. मी पहाटे पाजून जायची, दुपारी सुट्टीत धावत येऊन पाजायची, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. बाळ रडून रडून निळं व्हायचं. चाळीतल्या बायकांनी उपाय सांगितला. तो काही नवा नव्हता. मिलमध्ये जाणाऱ्या निम्म्या बाया तोच करायच्या. मोहरीएवढी अफूची गोळी. बाळगोळी म्हणत तिला. सकाळी जिभेवर लावली की बाळ दिवसभर निजून राही. मी पण लावायला लागले. शेवंती गप झाली. सासूबाई म्हणाल्या, "गुणाची झाली गं पोर." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

एका रविवारी हौसाक्का बाळ बघायला आली. हातात टोपडं, स्वतः शिवलेलं. रविवारची सुट्टी असली तरी गोळी मी सकाळी लावलीच होती, धुणीभांडी व्हावीत म्हणून. शेवंती झोळीत निजली होती. हौसाक्कानं तिला उचललं, टोपडं घातलं, गालाला बोट लावलं. बाळ हललं नाही. तिनं तळपायाला टिचकी मारली. तरी नाही. मग तिनं बाळाचं तोंड स्वतःच्या नाकाशी नेलं आणि वास घेतला.

तिनं शेवंतीला अलगद सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. उठून माझ्यासमोर आली आणि माझ्या तोंडात अशी चपराक दिली की कानात मिलचं यंत्र सुरू झालं.

"कितींदा देतीस?"

मी रडायला लागले. "सगळ्याच देतात की अक्का. येकच देते. सकाळची."

"मीबी येकच देत हुते," ती म्हणाली.

मग ती खाली बसली. तिचा तो मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"म्हादू त्येचं नाव. आठ म्हयन्याचा. बसाय लागला हुता. आदल्या दिशी दिलेली गोळी सकाळपतोर उतरली नव्हती. हाक मारली तर डोळं उघडंना. मी म्हनलं, निजू दे, बरंच झालं. तिकडं भोंगा वाजत हुता. मी दुसरी गोळी लावली अन् पळाले. गंगू, लई पळाले मी त्या दिशी. फाटक लागायच्या आत पोचले. सांजच्याला आले तवर गार झाला हुता."

सासूबाईंनी शेवंतीला छातीशी घट्ट धरलं. बाहेर चाळीत कुणीतरी धुणं आपटत होतं. तो आवाज मला अजून आठवतो.

"त्या दिशी मी बाहेर ऱ्हायले असते तर काय झालं असतं?" हौसाक्का म्हणाली. "येक दिस बुडला असता. बस. तेवढंच. तवापस्नं मी पळत न्हाय. आनि तूबी पळायचं न्हाय, आनि ह्ये बी द्यायचं न्हाय."

"मग पाजू कवा? पहाटंपस्नं दुपारपतोर, दुपारपस्नं सांजपतोर पोर उपाशी ऱ्हातं."

"उद्या बगू," ती म्हणाली. आणि जाताना माझ्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या यंत्राशी येऊन तिनं माझं रीळ थांबवलं. "चल."

"कुटं?"

"पोरीला पाजाय. मी येते संगं."

मी दाराकडे पाहिलं. तिनं माझं मनगट धरलं आणि रांगेतून चालायला लागली. दाराशी तुळसाबाई आडव्या आल्या. "कुटं निगाला? सुट्टी झाली का?"

"लेकराची झाली," हौसाक्का म्हणाली. "आमी अर्ध्या तासात येतो. तेवढं सूत संध्याकाळच्या आत भरून देते मी. दोगींचं."

"मास्तर मला घरी घालवतील, हौसे."

"मग तूबी ये की संगं."

फाटकाशी करीमचाचा उठून उभे राहिले. कामाच्या वेळेत कुणी बाहेर जायचं नाही, हा त्यांना हुकूम होता. हौसाक्का त्यांना एवढंच म्हणाली, "चाचा, हिचं लेकरू उपाशी हाय." चाचांनी आमच्याकडे पाठ केली, खिशातून विडी काढली आणि मोठ्या फाटकातलं लहान दार पायानं ढकललं. "जाव अम्मा. मैं कुछ देख्याच नैं."

कामाच्या दिवशी सकाळी दहाला मी माझ्या घरात उभी होते. शेवंती रडत होती, जागी होती, लालबुंद झाली होती. ती अशी पिऊ लागली की मला दुखलं. हौसाक्का दारात पाठमोरी बसली. परत जाताना मी सवयीनं पावलं उचलायला लागले तेव्हा तिनं मला दंडाला धरून मागं खेचलं.

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी खातेमास्तरांनी आम्हा दोघींना बोलावलं. मास्तर शिकलेले, पुण्याकडचे, कधी शिवी न देणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, "हौसाबाई, कुठल्या नियमानं तुम्ही हिला बाहेर नेता?"

"नेम म्हायती न्हाय सायेब."

"मग? उद्या प्रत्येक बाई उठून जाईल. यंत्रं कुणी चालवायची? मिलमध्ये घड्याळावर काम चालतं."

हौसाक्कानं माझ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. माझी चोळी पुढून ओलीचिंब होती. पाजायची वेळ होऊन गेली होती. मी लाजेनं मेले. मास्तरांनी झटकन नजर खाली घातली.

"ह्येबी घड्याळच हाय सायेब," ती म्हणाली. "ह्येला चावी द्यावी लागत न्हाय. तुमच्या घड्याळाला सांगा, ह्येच्याशी जुळवून घ्या म्हनावं."

मास्तरांनी टेबलावरची दौत बाजूला सरकवली. मग म्हणाले, "गंगूबाई, तुम्ही कामावर जा. पुन्हा बाहेर गेलात तर नाव कमी होईल. हौसाबाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

हौसाक्कानं मान हलवली. खात्यात परत आली, हातातलं रीळ पुरं केलं, जागा झाडून घेतली, आणि सुटायचा भोंगा झाल्यावर नेहमीसारखी सखारामबरोबर हळूहळू चालत गेली. मी मात्र रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिचं काम माझ्यापायी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता करीमचाचा आमच्या खात्याच्या दाराशी आले. यंत्रांच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकू येईना. त्यांनी हातानं छातीशी बाळ धरल्याची खूण केली आणि बाहेर बोट दाखवलं. सांगून ते निघून गेले. पण कळायचं ते कळलं. ज्यांची पोरं अंगावर पीत होती त्या सगळ्यांचे हात थांबले. पुढं फाटकाशी गेलो तेव्हा कळलं, हौसाक्कानं चाळीतून पाच तान्ही पोरं गोळा करून आणली होती आणि फाटकासमोरच्या लिंबाखाली गोधडी अंथरून बसली होती. शेवंती तिच्या मांडीवर होती.

आधी कोण उठणार? मी सगळ्यांकडे बघत होते, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्यापुढच्या यंत्रावर नरसम्मा होती. साळ्यांच्या घरातली, तेलुगू बोलणारी, चार मुलांची आई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं आपलं यंत्र बंद केलं, हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "रा, पोदाम." चल, जाऊ या. एवढं तेलुगू मला येत होतं.

आम्ही पाचजणी निघालो. दारापर्यंत जाईतो मागं बघते तर सतरा झाल्या होत्या. ज्यांची पोरं मोठी झाली होती त्या, ज्यांना पोरं झालीच नाहीत त्या, ज्यांची गेली होती त्या. फाटकाला आता कुलूप होतं. आम्ही आतून उभ्या, हौसाक्का बाहेरून. तिनं एकेक पोर उचलून फाटकाच्या गजांना लावलं. नरसम्मानं गजांमधून हात घालून आपलं बाळ धरलं आणि तिथंच, गजांमधूनच, त्याला पाजलं. रस्त्यावरून जाणारे टांगे थांबले. माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "अरं, बायकांना तुरुंगात घातलंय का काय?" त्या शब्दानं साहेबाच्या कचेरीची खिडकी उघडली.

आठ दिवस हे चाललं. रोज दहाला आणि तीनला आम्ही फाटकाशी जात असू. रोज नवी धमकी यायची. दोघींच्या नवऱ्यांनी त्यांना मारलं. करीमचाचांची बदली मागच्या, कोळशाच्या फाटकावर झाली, जाताना ते हौसाक्काला म्हणाले, "अम्मा, पीछे के गेट पे भी पोरां लाना, मेरे कू करमता नैं." नवव्या दिवशी मास्तरांनी जाहीर केलं की अंगावर पिणारी पोरं असलेल्या बायकांना दोनदा पाव पाव तास मिळेल, आणि आवारातल्या जुन्या गुदामात पोरं ठेवायला जागा होईल. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. मग मास्तर म्हणाले, "हौसाबाईंनी माफी मागितली तर त्यांनाही परत घेऊ."

ही बातमी सांगायला मीच लिंबाखाली गेले. मला वाटलं, दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. हौसाक्का एका पोराचं नाक पुसत होती.

"माफी चुकीची मागत्यात," ती म्हणाली. "माजी चूक येकच. ती केली तवा कुणी मला माफी माग म्हनलं न्हाय. उलट येळंवर आली म्हनून आत घेतलं. आता ह्येची माफी मागू?"

ती परत मिलमध्ये गेली नाही. त्याच लिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी विकायला बसली. आमच्या खात्यातल्या बायका तिच्याकडूनच घ्यायच्या. सकाळी नवी मुलगी धावताना दिसली की तिची हाक यायचीच, "अगं ए, पडशील!" पुढं काही वर्षांनी तास आणखी कमी झाल्याचं सरकारी फर्मान आलं, तेव्हा मी तिला आनंदानं सांगायला गेले. म्हटलं, "अक्का, बघ, सरकारनं तास कमी केले." ती भाकऱ्या रचत होती. "सरकारनं?" ती म्हणाली. "सरकार कवा हुबं ऱ्हायलं हुतं गं रिळावर? ज्या पडल्या, खोकल्या, भांडल्या, त्यांनी कमी केलं. सरकारनं लिवून काडलं."

खोकल्याचं ती उगीच म्हणाली नाही. सखारामच्या आधी तिचीच छाती गेली. बारा-चौदा वर्षं जो कापूस नाकातोंडात गेला होता, तो तिथंच बसला होता म्हणायचा. धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हवापालट सांगितला. अकलूजला तिची धाकटी बहीण होती, तिच्याकडे जाऊन महिनाभर राहिली आणि भांडून परत आली. "बहिनीचा दीर मजुरांवर मुकादम हाय. बाया पहाटंपस्नं वाकल्यात अन् ह्यो बांधावर बसून म्हनतो, अजून दिस हाय. मी म्हनलं, दिस तुज्या बापाचा हाय व्हय? झालं. बहीण म्हनाली, अक्का, तू जा बाई." सांगताना ती हसली आणि हसताना इतकी खोकली की मी तिची पाठ चोळत बसले.

शेवटच्या आठवड्यात ती उशीला टेकून बसायची. आडवं होता येत नव्हतं. त्या रविवारी मी गेले तेव्हा तिनं सखारामला जवळ बोलावलं आणि आम्हा दोघांना एकदमच सांगितलं.

"मला कामाच्या टायमाला न्या."

मला कळलं नाही.

"लोक म्हनतील, बाया सुटल्यावर काडू, म्हंजी समद्यांना येता यील. न्हाय. रातच्याला पन नगं, रविवारपतोर ठेवायचं पन नगं. बायांनी मशीन बंद करून यायचं. ज्यांना यायचं त्यांनी. न्हाय आल्या तर सखाराम हाय अन् चार खांदं हायेत." तिनं दम घेतला. "माज्या म्हादूला लोकांनी रातच्या रात न्हेला. दुसऱ्या दिशी कुनाचं काम बुडू नये म्हनून. माज्यासाटी बुडू दे."

गुरुवारी पहाटे ती गेली. मला कामावर असताना कळलं. सखाराम स्वतः फाटकाशी आला होता. चाळीतली माणसं त्याला समजावत होती, की संध्याकाळी काढू, उगीच बायकांची पंचाईत कशाला. तो एवढंच म्हणत होता, "तिनं बजावलंय."

त्या वेळी आमच्या ह्यांचं काम सुटून दोन महिने झाले होते. घरात मीच एकटी कमावती, चार पोरं. मिलमध्ये मंदी होती आणि बायका कमी करायला साहेबांना निमित्त हवंच होतं. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं नाही असं नाही. मी यंत्रापुढं उभी होते आणि सूत सरसर गुंडाळलं जात होतं. गजांपाशी न्यायला नरसम्मा होती, त्याआधी माझं मनगट धरायला हौसाक्का होती. आज माझ्याआधी कुणी उठणार नव्हतं. मी यंत्र बंद केलं. मी रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा यंत्रांवरून आवाज काढला.

"हौसाक्का गेली. तिला आत्ता न्यायचीय. मी चालले."

एकेक यंत्र थांबू लागलं. खातं असं शांत झालेलं मी कामाच्या दिवशी कधी ऐकलं नव्हतं. तुळसाबाई दाराशीच होत्या, आता पुष्कळ थकलेल्या. "समद्या?" त्यांनी विचारलं. "समद्या," मी म्हटलं. त्या बाजूला झाल्या. "मी न्हाय येत," त्या म्हणाल्या, "मला तिच्यापुढं तोंड न्हाय." मी त्यांचा हात धरला नाही. तेवढं मन तेव्हा मोठं झालं नव्हतं माझं.

बायकांनी मसणवटीत येऊ नये, असं म्हणणारे चाळीत होतेच. आम्ही कुणाला विचारलं नाही. केसांत कापूस तसाच घेऊन चाळीस-पन्नासजणी तिच्या मागून निघालो. अकराचं ऊन पडलं होतं. रस्ते, दुकानं, झाडाखाली बसलेली म्हातारी माणसं, अंगणात वाळत घातलेल्या कुरडया. कामाच्या दिवशी या वेळी शहर कसं दिसतं हे आम्ही कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. बाया डोळे बारीक करून बघत होत्या. शुक्रवार पेठेतून जाताना एक कापडदुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला. आमची तोंडं त्याच्या ओळखीची होती.

"काय गं बायांनो," त्यानं विचारलं, "आज मिलनं सुट्टी दिली का?"

"दिली न्हाय," नरसम्मा म्हणाली. "घेतली."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांची दिवसाची मजुरी कापली, आणि पहिलं यंत्र कुणी बंद केलं ते विचारलं. मी पुढं झाले. शिक्षा म्हणून आठ दिवस घरी बसवलं. माणसं सांत्वनाला यायची, तर मी भर दुपारी पदर डोक्याखाली घेऊन झोपलेली असायची. सासूबाई दारातूनच सगळ्यांना परतवायच्या, "नंतर या. ती निजलीय."